रियालचा भाव घरूनच काढून निघा

सदर : घरचा हिशेब



कोल्हारच्या शेतकऱ्याला कांदा विकायचा असेल तर तो आधी फोन हातात घेतो. राहुरीला काय भाव निघाला, राहात्याला काय, लासलगावला काय, हे विचारतो. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक दिसला तर गाडी दुसऱ्या बाजाराकडे वळवतो. पण तोच शेतकरी उमऱ्याला निघाला की मुंबई विमानतळावरच्या पहिल्याच खिडकीपाशी थांबतो, नोटांची गड्डी पुढे सरकवतो आणि समोरचा देईल तेवढे रियाल मोजून खिशात घालतो. घासाघीस करत नाही, कारण रियालचा खरा भाव किती हेच त्याला माहीत नसते.

उमऱ्याचा पैसा कसा साठतो ते आपण सगळेच जाणतो. उसाच्या बिलातून बाजूला काढलेले, दुधाच्या पगारातून उरवलेले, भिशीतून आलेले, मुलाने आखातातून पाठवलेले असे करत वर्षानुवर्षे तो जमतो. त्यातले चार-पाच हजार रुपये विमानतळावरच्या दहा मिनिटांच्या घाईत निघून जाऊ नयेत, म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

विमानतळावर भाव चढा का असतो?

शिर्डीचे विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. तरीही जेद्दा-मदिनेच्या विमानासाठी आपल्या भागातल्या लोकांना सहसा मुंबईच गाठावी लागते. संगमनेर-नाशिकमार्गे जा किंवा समृद्धी महामार्गाने, माणूस रात्रभराच्या प्रवासाने थकून पोहोचतो. सामानाचे वजन, बोर्डिंग पास, इमिग्रेशनची रांग, सोबत वृद्ध आई-वडील. अशा वेळी चलन बदलायची आठवण झाली तर समोरची खिडकी सोडून दुसरीकडे जाण्याची सोय नसते.

खिडकीवाल्यालाही हे माहीत असते. शिवाय विमानतळावरच्या जागेसाठी त्याला भारी रक्कम मोजावी लागते, ती तो ग्राहकाकडूनच काढतो. यात बेकायदा काही नाही. एस.टी. स्टँडवरचा चहा आणि घरचा चहा यांच्या किमतीत फरक असतो तसाच हा फरक. पण चहाचा फरक पाच रुपयांचा, हा हजारांचा.

खरा भाव काढण्याची सोपी रीत

सौदी रियालचा भाव काढणे फार सोपे आहे. १९८६ पासून सौदी सरकारने रियाल अमेरिकन डॉलरला बांधून ठेवला आहे. १ डॉलर म्हणजे ३.७५ रियाल, हे प्रमाण इतकी वर्षे तेच आहे. म्हणून डॉलरचा त्या दिवशीचा भाव बातम्यांत किंवा मोबाइलवर पाहायचा आणि त्याला ३.७५ ने भागायचे. आलेला आकडा हा रियालचा मूळ भाव.

डॉलर ८६ रुपये २५ पैसे असेल तर रियाल २३ रुपये. डॉलर ९० रुपये असेल तर रियाल २४ रुपये. डॉलर ९३ रुपये ७५ पैसे झाला तर रियाल २५ रुपये. शाळेत जाणारी मुलगीसुद्धा हा भागाकार करून देईल. तिलाच करायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

मूळ भावाने आपल्याला रियाल कोणीच देणार नाही. विकणाऱ्याने त्यावर थोडा नफा ठेवणे रास्त आहे. पाहायचे ते एवढेच की तो नफा किती.

एक उदाहरण घेऊ. समजा डॉलर ९० रुपये आहे, म्हणजे रियालचा मूळ भाव २४ रुपये. आपल्याला २,००० रियाल हवे आहेत. मूळ भावाने ते ४८,००० रुपयांचे झाले. शहरातल्या परवानाधारक विक्रेत्याने २४ रुपये ४० पैसे भाव लावला तर ४८,८०० रुपये होतील. विमानतळावर मूळ भावापेक्षा शेकडा १० जास्त, म्हणजे २६ रुपये ४० पैसे लावले तर ५२,८०० रुपये. फरक ४,००० रुपयांचा. या चार हजारांत शहरातल्या भावाने आणखी दीडशेहून जास्त रियाल आले असते. तेवढ्यात मक्केत दोघांचे कितीतरी दिवसांचे जेवण निघते.

रियाल नाव दिसले की सगळे सारखेच, असे मात्र समजू नका. मस्कतमार्गे जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. ओमानचा १ रियाल म्हणजे जवळजवळ २.६० डॉलर, सौदीच्या पावणेदहा रियालइतका. दुबई-शारजाचा दिऱ्हमही डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिऱ्हम. त्याचा भाव काढताना त्या आकड्याने भागावे.

पाटी कशी वाचावी?

खिडकीवरच्या पाटीवर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा. हे शब्द दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. ‘वी सेल’ म्हणजे तो आपल्याला ज्या भावाने विकतो तो भाव. जाताना आपल्याला हा मोठा आकडा लागू होतो. ‘वी बाय’ हा लहान आकडा परतताना लागू होतो. दोन्हींतले अंतर जितके जास्त, तितके ते दुकान महाग.

‘झिरो कमिशन’ अशी पाटी पाहून भुलू नका. कमिशन वेगळे लावले नसेल तर ते भावात मिसळलेले असते. विचारायचा प्रश्न एकच : “सगळे धरून, हातात २,००० रियाल मिळायला मी एकूण किती रुपये द्यायचे?” जो आकडा सांगतील त्याला २,००० ने भागा. तोच तुमचा खरा भाव. मग त्याला कमिशन म्हणोत, सेवाशुल्क म्हणोत की आणखी काही.

जीएसटीबद्दलही घोटाळा होतो. “अठरा टक्के कर लागतो, म्हणून एवढे होतात,” असे कोणी सांगितले तर घाबरू नका. अठरा टक्के कर पूर्ण रकमेवर लागत नाही. १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा शेकडा १ एवढा भाग करासाठी धरतात, तो किमान २५० रुपये धरला जातो, आणि त्या भागावर १८ टक्के. म्हणजे २०,००० रुपयांच्या व्यवहाराला ४५ रुपये, ५०,००० ला ९० रुपये आणि १ लाखाला १८० रुपये. यापेक्षा जास्त कर मागितला तर पावतीवर लिहून मागा. यातून आणखी एक गोष्ट कळते. १०-१० हजारांचे रियाल तीनदा घेतले तर तीनदा ४५, म्हणजे १३५ रुपये कर जातो. ३०,००० चे एकदाच घेतले तर ५४ रुपयांत भागते.

निघण्यापूर्वी रियाल कुठून घ्यावेत?

परकीय चलन विकण्याचा परवाना रिझर्व्ह बँक देते. ठरावीक बँका आणि परवानाधारक चलन विक्रेते यांच्याकडूनच ते घेता येते. बँकेच्या प्रत्येक शाखेत नोटा मिळत नाहीत. आपल्या गावातल्या शाखेत जाऊन “कोणत्या शाखेत रियाल मिळतील?” एवढे विचारले तरी पुढची वाट कळते. नगर, नाशिक किंवा पुण्याला काही कामानिमित्त जाणे होणार असेल तर त्याच फेरीत हे काम उरकावे. दोन-तीन ठिकाणी फोन करून एकाच दिवशी भाव विचारावा. स्टेट बँक आपले परकीय चलनाचे दर रोज जाहीर करते, तुलनेला तेही उपयोगी पडतात.

सोबत पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड न्यावे. चलन साधारणपणे प्रवासाआधीच्या ६० दिवसांत घेता येते, म्हणजे घाई करायचे कारण नाही. एका प्रवासासाठी घेतलेल्या चलनाची किंमत ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर रोखीने देता येते. त्यापुढे चेकने, कार्डाने किंवा बँकेतूनच द्यावी लागते. दोन ठिकाणी तुकडे करून घेतले तरी एकाच प्रवासाची रक्कम एकत्र धरतात, हे लक्षात ठेवा. पावती जपून ठेवा, परतल्यावर उरलेले रियाल देताना ती कामाला येते.

काही परवानाधारक कंपन्या ऑनलाइन नोंदणी घेतात आणि रियाल घरपोच किंवा विमानतळावरच्या त्यांच्याच खिडकीवर देतात. आगाऊ नोंदवलेला भाव ऐनवेळच्या पाटीवरच्या भावापेक्षा सहसा बरा असतो. ज्यांना शहरात जाणे जमत नाही त्यांनी घरातल्या तरुण मुलाकडून ही नोंदणी करून घ्यावी.

हजला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्या प्रत्येकाला निघतानाच २,१०० रियाल मिळत आणि त्याचे पैसे भरलेल्या रकमेत धरलेले असत. २०२३ च्या हजपासून ही पद्धत बंद झाली. आता आपापले रियाल आपण घ्यायचे. त्या वर्षी स्टेट बँकेने प्रस्थानाच्या ठिकाणी चलनाची सोय केली होती. अशी सोय असली तरी तिथला भावही आपल्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

चलनाची ही अडचण नवीन नाही. यात्रेकरू मुंबईहून बोटीने जेद्दाला जात त्या काळात, १९५९ साली, रिझर्व्ह बँकेने खास हज यात्रेकरूंसाठी १० आणि १०० रुपयांच्या नोटा काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजीत ‘एच ए’ ही अक्षरे असत. त्या सौदीत देऊन तिथले चलन घ्यायचे. आज तशा नोटा नाहीत, पण यात्रेकरूला आपला हिशेब आपणच करावा लागतो.

रोख किती, कार्डावर किती?

सगळे पैसे रोख नेणे बरे नाही, गर्दीत खिसा कापला गेला तर परक्या मुलुखात हात रिकामे होतात. सगळे कार्डावर नेणेही बरे नाही, टॅक्सी आणि रस्त्यावरचे छोटे दुकान यांना रोखच लागते. टूरच्या पैशात राहणे-जेवण धरलेले असेल तर रोख कमी पुरते. ते आधी विचारून घ्या. नोटा घेताना ५, १० आणि ५० रियालच्या सुट्या नोटा मागून घ्या. ५०० ची एकच नोट घेऊन टॅक्सीवाल्यासमोर उभे राहण्यात अर्थ नाही. मियाँ-बीवी दोघे जात असतील तर रक्कम दोघांत वाटून ठेवावी. बाईच्या हाती काहीच नाही आणि गर्दीत ताटातूट झाली, अशी वेळ येऊ देऊ नये.

बँकांकडे रियाल भरून घेण्याचे प्रवासी कार्ड मिळते. भरतानाचा भाव ठरून जातो आणि कार्ड हरवले तर बंद करता येते. कार्ड काढण्याचे आणि पैसे काढण्याचे शुल्क किती, ते आधी विचारा. आपले नेहमीचे एटीएम कार्ड तिथे चालते, पण बहुतेक भारतीय कार्डांवर परदेशातल्या खर्चाला शेकडा २ ते साडेतीन एवढी जादा आकारणी होते, त्यावर जीएसटी आणि प्रत्येक वेळी पैसे काढण्याचे वेगळे शुल्क. म्हणून काढायचेच तर थोडे-थोडे न काढता एकदाच काढावेत. कार्डावरचा परदेशी वापर आपोआप सुरू नसतो. बँकेच्या अॅपवरून किंवा शाखेत जाऊन तो सुरू करून घ्यावा लागतो. जेद्दाला उतरल्यावर हे आठवून उपयोग नाही.

तिथल्या एटीएमवर किंवा दुकानातल्या यंत्रावर एक प्रश्न येतो : रक्कम रुपयांत घ्यायची की रियालमध्ये? आपले रुपये पाहून बरे वाटते आणि बोट तिकडे जाते. तसे करू नका. रुपये निवडले की भाव ते यंत्रवाले ठरवतात, आणि तो बहुधा महागच असतो. नेहमी रियाल निवडा.

विमानतळावरच घ्यायची वेळ आली तर

कधी व्हिसा शेवटच्या दिवशी हाती येतो, कधी अचानक निघावे लागते. अशा वेळी विमानतळावर घ्यावेच लागले तर पहिल्या दिवसापुरते घ्या. टॅक्सी, पाणी, जेवण, मोबाइलचे सिम एवढ्यापुरते. बाकीचे मक्का-मदिनेतल्या बाजारात बदलता येतात. तिथे सराफीची दुकाने आहेत आणि भारतीय रुपयेही घेतात. मात्र भारतातून बाहेर जाताना एका माणसाने २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेण्याची परवानगी आहे. तिथेही दोन दुकाने विचारा आणि तोच भागाकार वापरा.

दुबई, मस्कत किंवा बहरीनला विमान बदलायचे असेल तर तिथे चलन बदलू नका. चार तासांच्या थांब्यासाठी दिऱ्हम घेतले तर उरलेले पुन्हा बदलताना दुसऱ्यांदा नुकसान. पाण्याची बाटली आणि खाण्याचे कार्डाने भागते.

टूरवाले, शेजारी आणि शरीअत

बरेच लोक टूरवाल्याकडूनच रियाल घेतात. तो परवानाधारक विक्रेत्याकडून आणून देत असेल आणि विक्रेत्याची पावती तुमच्या नावाने देत असेल तर ठीक. “पावती कशाला, विश्वास नाही का?” असे म्हणत असेल तर नम्रपणे नकार द्या. विश्वास आपल्या जागी, हिशेब आपल्या जागी. लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या दीनमध्येच आहे.

गावात कोणाकडे गेल्या वर्षीचे रियाल उरलेले असतात. ते त्याच्याकडून विकत घेणे कायद्यात बसत नाही, कारण परवाना नसलेल्याशी परकीय चलनाचा व्यवहार फेमा कायदा करू देत नाही. त्यात दुसरीही बाजू आहे. चलनाच्या अदलाबदलीला आपल्याकडे ‘सर्फ’ म्हणतात. दोन वेगळी चलने ठरेल त्या भावाने बदलता येतात, पण बहुतेक आलिमांच्या मते देणे-घेणे एकाच बैठकीत, हातोहात व्हायला हवे. “रियाल आज द्या, रुपये उसाचे बिल आल्यावर देतो,” हा व्यवहार त्यांच्या मते सर्फच्या अटीत बसत नाही. म्हणून आगाऊ नोंदणी करतानाही नोटा हातात घेताना पैसे देण्याची सोय असेल तर तीच निवडा. शंका असेल तर आपल्या मस्जिदीतल्या आलिमांना विचारून घ्या. इबादतीच्या प्रवासाची सुरुवात शंकेने होऊ नये.

परतताना

परतीच्या विमानतळावर लोक उरलेले रियाल घाईने बदलतात आणि दुसऱ्यांदा तोटा करून घेतात. नाणी तर कोणी घेतच नाही. १ आणि २ रियालची नाणी तिथेच खर्च करा किंवा सदका द्या. नोटा मात्र घरी आणता येतात. परतल्यापासून १८० दिवसांच्या आत त्या बँकेत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्याव्यात. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतचे चलन स्वतःजवळ ठेवण्याची मुभा आहे. घरातले दुसरे कोणी तीन-चार महिन्यांत जाणार असले तरी घाईने विमानतळावर मोडायची गरज नाही.

आखातात काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठीही हेच. सुटीवर येताना मुंबईत उतरल्यावर सगळे रियाल-दिऱ्हम तिथेच मोडू नका. कोल्हारपर्यंतच्या गाडीभाड्यापुरते भारतातल्या खात्यातून एटीएमवर काढा आणि बाकीचे गावी आल्यावर दोन ठिकाणी भाव विचारून बदला. ५,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या नोटा आणत असाल तर उतरल्यावर कस्टमकडे जाहीर करणे बंधनकारक आहे.

थोडक्यात, निघण्याच्या आठवडाभर आधी घरात बसून एवढे करा :

डॉलरचा भाव पाहा, ३.७५ ने भागा, आकडा लिहून ठेवा.

दोन-तीन परवानाधारक ठिकाणी “सगळे धरून किती?” असे विचारा.

रियाल एकदाच घ्या, पावती घ्या, सुट्या नोटा मागा.

कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या, बँकेचा मदत क्रमांक कागदावर लिहा.

रोख रक्कम दोघांत वाटा.

एवढे झाले की विमानतळावरच्या खिडकीसमोर थांबायचे कारण राहणार नाही. वाचलेल्या पैशांतून तिथे कोणाला इफ्तार करवा, घरच्यांसाठी खजूर आणा किंवा परतल्यावर गावातल्या एखाद्या मुलाची शाळेची फी भरा. अल्लाह आपणा सर्वांचा सफर आसान करो आणि उमरा-हज कबूल करो. आमीन.